शंभर मिलिमीटर, पण कुठे?

माझं माहेर दापोलीजवळ आणि सासर धाराशिव जिल्ह्यात. पावसाळ्यात दोन्हीकडे फोन झाला की पहिला विषय पावसाचाच. एका सप्टेंबरात आईला विचारलं, "पाऊस कसा आहे गं?" ती म्हणाली, "आहे आपला. काल शंभरेक पडला असेल. आज उघडीप आहे, गोधड्या वाळत टाकल्यात." त्याच आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. अण्णांच्या आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "एकशेबारा पडला बघ रात्रीत. ओढ्याकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. मागच्या खोलीचं माळवद ठिबकतंय, म्हणून हिला पुढच्या पत्र्याच्या खोलीत आणलंय."

दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखाच होता. तेव्हापासून मी पावसाची बातमी ऐकताना पहिल्यांदा एवढंच विचारते, की हा आकडा कुठला. मुसळधार पावसात काय करावं याच्या याद्या दरवर्षी छापून येतात. त्यातल्या बहुतेक सूचना बरोबर असतात, पण त्या सगळ्यांना एकाच मापानं दिलेल्या असतात. कोकणातल्या घराला जी भीती आहे ती मराठवाड्यातल्या घराला नाही, आणि शिरोळच्या शेतकऱ्यावर जे संकट येतं ते गडचिरोलीत वेगळ्याच वाटेनं येतं. म्हणून तयारी आपल्या गावच्या पावसापासून सुरू करायला हवी.

आधी आकडा नीट समजून घेऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांच्या खोलीच्या छपरावर शंभर मिलिमीटर पडला, तर साधारण ९३० लिटर पाणी पडतं. एका एकरावर तेवढाच पाऊस म्हणजे चार लाख लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात हे मोजमाप लगेच कळतं, कारण दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका एकरात एका रात्रीत रिकामे झाले, असा त्याचा अर्थ. आता दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथले ओढे, व्हाळ, भाताचे बांध, उतरती कौलं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्याला वाट देत घडलेलं आहे. धाराशिवकडे वर्षाची सरासरी सातशेच्या आसपास. तिथे शंभर मिलिमीटर पडला, तर वर्षाच्या पावसाचा सातवा हिस्सा एका रात्रीत उतरला. शिवाय जमीन काळी, चिकण. एकदा फुगली की पाणी आत घेत नाही. उतार कमी, त्यामुळे पाणी वाहून जात नाही, पसरतं.

हवामान खात्याची पट्टी मात्र देशभर एकच आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. हा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. म्हणून आजच्या तारखेला सांगितलेला पाऊस बराचसा कालचा आणि रात्रीचा असतो. महसूल खातं ६५ मिलिमीटरच्या वर गेलेल्या मंडळाला अतिवृष्टीचं मंडळ म्हणतं. नुकसानभरपाईच्या वेळी हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो.

सातारा जिल्हा पाहिला की पाऊस जागेवर किती अवलंबून असतो ते चांगलं समजतं. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून पूर्वेला पाचगणीला येईपर्यंत तो निम्म्याहूनही कमी होतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही खाली. हे सगळं तीस-पस्तीस किलोमीटरच्या आत. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावकडे गेलं तर पाचशेच्या आसपास, म्हणजे जनावरांच्या छावण्यांचा मुलूख. पुढे मराठवाडा ओलांडून पूर्व विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो, कारण तिथे बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे थेट पोचतात. गोंदिया, गडचिरोलीकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर आणि त्याहून जास्तही पडतो.

म्हणून 'साताऱ्याला ऑरेंज अलर्ट' एवढं ऐकून थांबू नका. पुणे, सातारा, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत इशारा घाटभागाला आहे की सगळ्या जिल्ह्याला, हे हवामान खातं वेगळं सांगतं. ते वाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. इशारा घाटाला असला आणि तुमचं गाव नदीच्या खालच्या अंगाला असलं, तर तो इशारा तुमच्यासाठीही आहे.

तरीही जिल्ह्याच्या इशाऱ्यातून वाडीचा पाऊस कळणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. कुलाब्यातल्या माणसाला खिडकीतून बाहेर बघून कुर्ल्यात काय चाललंय याचा अंदाज येणं शक्यच नव्हतं. तालुक्या-तालुक्यात, मंडळा-मंडळात आता स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पण ते केंद्र तुमच्या शिवारापासून आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात एवढं अंतर पुष्कळ झालं.

अण्णांनी यावर उपाय केलाय. खळ्याच्या कडेला दगडावर एक गोल, सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. भोवती चार विटा, वाऱ्यानं पडू नये म्हणून. रोज सकाळी साडेआठला ते शाळेतली फूटपट्टी डब्यात उभी धरतात, ओली खूण किती मिलिमीटरवर आली ते बघतात, पाणी ओतून टाकतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहितात. एवढंच. डबा वर-खाली सारख्याच रुंदीचा हवा, निमुळता नको. तो असा असला की आतल्या पाण्याची खोली हाच पावसाचा आकडा. जागा उघडी हवी. शेजारी झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर सोडा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी त्यात पडणार नाही. पाऊस फारच जोराचा असेल, तर सुरक्षित असेल तेव्हा तासातासाला बघा. दिवसभरात रिपरिप पडलेला साठ आणि पाऊण तासात ओतलेला साठ यांची गोष्ट एकच नव्हे. तासाला शंभरच्या वर गेला तर हवामानशास्त्रात त्याला ढगफुटी म्हणतात.

डब्याचा खरा उपयोग दोन-तीन पावसाळ्यांनी कळतो. अण्णांच्या कॅलेंडरवर आकड्याशेजारी बारीक अक्षरात शेरे असतात: 'ओढा पुलाला टेकला', 'पूल दोन तास बंद', 'काही नाही'. ते एकत्र वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की कोरड्या जमिनीवर साठ पडला तरी ओढा पुलाखालीच राहतो, पण चार दिवस झड लागून गेलेली असेल तर तीसच पुरतो. जमीन आधीच पाणी पिऊन बसलेली असते, वरून येतं ते सगळं वाहतं. कुठल्याही ॲपवर ही माहिती मिळणार नाही. ती गावानंच तयार करायची, आणि गावातल्या चार जणांनी डबे ठेवले तर शाळेतल्या मुलांनाही त्यात गोडी लागते.

आता भागाभागाचं.

कोकणात नुसत्या पावसापेक्षा उतार आणि भरती यांची धास्ती जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुसळधार पाऊस गाठला, की खाडीत पाणी शिरायला वाव नसतो आणि नदीचं पाणी मागे फुगतं. आगोटीच्या आधीच भरतीच्या वेळा लिहून ठेवा. खाडीकाठच्या, नदीकाठच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी उधाणाचे दिवस आणि लाल इशारा एकत्र आला की माल आदल्या संध्याकाळीच वर न्यावा. पाणी रात्रीत चढतं, आणि अंधारात वीज गेलेली असताना पोती हलवता येत नाहीत.

डोंगराची गोष्ट याहून गंभीर आहे. माळीण ३० जुलै २०१४ ला, तळीये २२ जुलै २०२१ ला, इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. तिन्ही ठिकाणी जोरदार पाऊस होता, आणि तिन्ही वस्त्या डोंगराच्या कुशीत वर्षानुवर्षं नांदत होत्या. 'आजवर कधी झालं नाही' हा आधार धरून बसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डोंगर बऱ्याचदा आधी खुणा दाखवतो. घरामागच्या उतारावर किंवा अंगणात नवी भेग पडते. झाडं, विजेचे खांब तिरके दिसू लागतात. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागतात. कधी नव्हे तिथून झरा फुटतो, नेहमीच्या झऱ्याचं पाणी गढूळ होतं किंवा एकाएकी थांबतं. यातली एक जरी खूण दिसली आणि पाऊस चालू असला, तर पंचनाम्याची वाट बघू नका. माणसं आणि जनावरं घेऊन उताराच्या बाजूला, आडव्या दिशेनं बाहेर पडा, कारण दरड सरळ खाली येते. ओढ्याच्या घळीतून जाऊ नका. जाणं शक्यच नसेल तर निदान रात्री डोंगराकडच्या भिंतीला लागून झोपू नका. आणि घर वाढवण्यासाठी मागचा डोंगर उभा कापू नका. तो कापला की त्याचा पायाच आपण काढलेला असतो.

नदीकाठच्या सपाटीवर, कोल्हापूर-सांगलीकडे, पूर दुसऱ्याच्या पावसातून येतो. राधानगरी-गगनबावड्याला धो धो कोसळत असताना शिरोळात ऊन पडलेलं असतं आणि पंचगंगा-कृष्णा चढत असते. तिथली माणसं पावसापेक्षा फुटांची भाषा बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरलं की त्यावरून काठची गावं आपला अंदाज बांधतात. ही पद्धत प्रत्येक नदीकाठच्या घरानं उचलावी. बंधाऱ्यावर, पुलावर किती फूट पाणी असताना आपल्या गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं, ती खूण भिंतीवर ऑइलपेंटनं काढा आणि बाजूला वर्ष व आकडा लिहा. धरणाच्या विसर्गाचंही तसंच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणून दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाखांहून जास्त लिटर. पण याहूनही उपयोगी गोष्ट म्हणजे गेल्या वेळी किती विसर्ग असताना पाणी कुठवर आलं होतं आणि धरणापासून आपल्याकडे यायला त्याला किती तास लागले होते. हे तास हाताशी असले की सामान हलवायला तेवढा वेळ मिळतो.

मराठवाडा आणि सोलापूरकडचा भाग दुष्काळाला सरावलेला आहे, पुराला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जे केलं, ते अनेक म्हाताऱ्या माणसांनीही पाहिलेलं नव्हतं. इथला मोठा पाऊस बहुधा पावसाळ्याच्या शेवटी येतो, नेमकी काढणी तोंडावर असताना. तेव्हा तीन गोष्टींचं भान ठेवा.

पहिली, फरशी पूल. वाहतं पाणी अर्ध्या फुटाचं असलं तरी माणसाचा तोल घालवतं, फूटभर पाणी छोटी गाडी उचलू लागतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलाचा कठडा नसतो, मधला तुकडा वाहून गेलेला असतो तो गढूळ पाण्यात दिसत नाही. पूल शाबूत दिसतो म्हणूनही खात्री धरू नये. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या गावात थांबा. कुणाच्या पडवीत रात्र काढायला लाज वाटू देऊ नका.

दुसरी, वीज. दामिनी हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलंय, ते फोनवर घ्या, घरातल्या गुराख्याच्या फोनवर तर आधी घ्या. गडगडाट ऐकू आला की शेत सोडायचं. लिंबाखाली, बाभळीखाली उभं राहायचं नाही आणि जनावरंही झाडाला बांधायची नाहीत. आडोसा नसेल तर विळा-कोयता बाजूला ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसा, जमिनीवर आडवं होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

तिसरी, पीक आणि गोठा. सोयाबीनमध्ये दोन दिवसांहून जास्त पाणी तुंबलं की मुळांचा श्वास कोंडतो, पानं पिवळी पडतात. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी केलेली असली तर जादा पाण्याला सरीतून वाट मिळते आणि कमी पावसात तीच सरी ओल धरून ठेवते. नसेल केली, तर उताराच्या बाजूनं निदान एक चर आत्ताच काढा. पाणी निघाल्यावर लगेच शेतात शिरू नका. वापसा येऊ द्या, नाहीतर काळी माती पायाखाली दगडासारखी दाबली जाते. कापलेल्या सोयाबीनचा ढीग उंचवट्यावर लावा, आणि ताडपत्री वरून घालण्याआधी खालीही अंथरा, कारण भिजायला सुरुवात बहुधा खालून होते. पूर येण्याची जरा जरी शंका असेल तर झोपण्याआधी जनावरांची दावी सोडा. मोकळं जनावर पोहून उंचावर जातं, बांधलेलं खुंट्यापाशीच मरतं.

पूर्व विदर्भात प्रश्न संपर्क तुटण्याचा आहे. पर्लकोटा नदी चढली की भामरागड जगापासून वेगळं होतं, दरवर्षी आणि वर्षातून अनेकदा. तिथे आगोटीची बेगमी म्हणजे धान्य, मीठ, काडेपेटी, रोज लागणारी औषधं, सेल. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला दवाखान्याच्या गावात आधीच न्यावं. नदी चढल्यावर डोंग्यातून नेण्याची वेळ आणू नये.

शहरातल्यांसाठी दोनच गोष्टी. तळघरात पाणी येऊ लागलं की गाडी काढायला खाली उतरू नका, आणि इमारतीचा मीटर-बोर्ड कुठे आहे, मेन स्विच कोण बंद करणार, हे सोसायटीच्या बैठकीत मे महिन्यातच ठरवा. मदतीसाठी ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, हे दोन नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. फोनची बॅटरी संपली की आतले नंबर उपयोगाचे नसतात.

पाणी ओसरल्यावरची कामं घाईत होतात आणि तिथेच चुका होतात. मेन स्विचला ओल्या हातानं हात लावू नका, वायरमन बघून जाईपर्यंत वीज सुरू करू नका. अडगळीत, बुटात, सरपणात साप शिरलेले असतात, काठीनं हलवल्याशिवाय काही उचलू नका. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, ते प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. विहीर बुडाली असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घेईपर्यंत प्यायचं पाणी गाळून खळखळ उकळा. नुकसानीचे फोटो साफसफाई करायच्या आधी काढा, एका फोटोत घराचा किंवा शेताचा ओळखू येईल असा कोपरा येऊ द्या, आणि तलाठी व कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. पीकविम्याच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून आपल्या पावतीवरच्या अटी आधीच वाचून ठेवा. डब्याचा आकडा सरकारी कागदावर चालत नाही, पण मंडळाच्या केंद्रावर कमी पाऊस नोंदला गेला असेल, तर कॅलेंडर हातात घेऊन बोलताना माणसाला आधार वाटतो.

शेवटी माळवदाबद्दल. मातीच्या छपराची, मातीच्या भिंतींची घरं आमच्या भागात अजून पुष्कळ आहेत. कमी पावसाच्या मुलखासाठी ती उत्तम, उन्हाळ्यात गार. पण चार दिवस झड लागली की छताची माती पाणी पिऊन खूप जड होते. तुळईतून कटकट आवाज येणं, वरून माती झडणं, भिंतीला पोट येणं या खुणा दिसल्या की त्या खोलीत झोपायचं नाही. वरून प्लॅस्टिकचा कागद टाकायचा तो पाऊस सुरू व्हायच्या आधी. भिजल्यावर वर चढणं म्हणजे स्वतःचं वजन त्यात घालणं. आणि पाऊस थांबला की धोका संपला असं अजिबात नाही. ऊन पडून भिंती वाळू लागल्या की माती आकसते, सुटते.

त्या सप्टेंबरात पाऊस थांबल्यावर सासूबाई मागच्या खोलीत परत जायला निघाल्या होत्या. अण्णांनी अडवलं, आठवडाभर पुढेच राहू म्हणाले. पाचव्या दिवशी दुपारी, कडक ऊन पडलेलं असताना, मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत आत बसली. आत फक्त लोखंडी कॉट आणि धान्याची रिकामी कणगी होती.